तेविसाव्या पानावरची नारिंगी पट्टी

समोरच्या काकूंची पीडीएफ रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर आली आणि पाठोपाठ त्यांचा फोन. "अगं, तू बायोलॉजी शिकवायचीस ना? मग तेविसावं पान उघड आणि काय ते मला नीट मराठीत सांग."

पार्श्वभूमी अशी. काकूंच्या मुलीनं हिंजवडीतल्या ऑफिसातच मुलगा पसंत केलाय. मुलगा एकतीस वर्षांचा, घर नारायण पेठेत, सगळं जुळलेलं. पहिल्याच भेटीत मुलाच्या वडिलांनी सांगून टाकलं, "माझा धाकटा भाऊ आमच्याकडेच असतो. पंचवीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे त्याला, औषधं चालू आहेत." इतकं सरळ सांगणारी माणसं काकूंना आवडली, पण झोपही उडाली. मग कुणा नातेवाइकानं सुचवलं, की हल्ली नळीत थुंकी भरून पाठवली की सगळं कळतं. मुलगा बिचारा रागावला नाही. थुंकी पाठवली आणि चाळीस पानी रिपोर्ट आला. तेविसाव्या पानावर 'स्किझोफ्रेनिया' या शब्दापुढे नारिंगी पट्टी: सरासरीपेक्षा जास्त जोखीम.

"म्हणजे होणार का गं त्याला?"

"बहुधा नाही," मी म्हटलं. एवढं पटवायला दोन संध्याकाळी गेल्या. बायोडेटा आणि पत्रिकेबरोबर आता असे रिपोर्टही फिरायला लागलेत, म्हणून ते बोलणं जरा नीट लावून इथे लिहिते आहे.

नाव एक, तऱ्हा तीन

स्किझोफ्रेनिया हे नाव १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं दिलं. मराठीत छिन्नमनस्कता. या नावानं घोटाळाच जास्त केला. एका शरीरात दोन माणसं राहतात, हा सिनेमातला समज त्यातूनच आला. तसं यात काही नसतं. विचार, भावना आणि बाहेर खरोखर काय चाललंय याची जाण, या तिघांची सांगड सुटते. आयुष्यात कधी ना कधी साधारण शंभरातल्या एकाला हा आजार होतो आणि बहुतेकदा तो विशी-पंचविशीच्या आसपास डोकं वर काढतो. बायकांमध्ये थोडा उशिरा.

लक्षणांची तीन गाठोडी करता येतात. पहिल्यात नसलेलं काहीतरी येऊन बसतं: कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात याची पक्की खात्री. याला भास आणि भ्रम म्हणतात. दुसऱ्यात असलेलं काहीतरी जातं: बोलणं आटतं, चेहरा कोरा होतो, आंघोळीची, मित्रांची, कशाचीच ओढ राहत नाही. डॉक्टर या दोहोंना धन आणि ऋण लक्षणं म्हणतात. बँकेच्या पासबुकातले शब्द वाटतात, पण समजायला बरे. तिसऱ्यात धागा सुटतो: वाक्याचा मागच्या वाक्याशी मेळ नाही, लक्ष टिकत नाही, दोन सूचना एकदम दिल्या की एक सांडते.

आता गंमत बघा. एक रुग्ण पहिल्या गाठोड्यानं त्रस्त, दुसरा दुसऱ्या. दोघांच्या फाइलवर नाव मात्र तेच.

पुढच्या आठवड्यात काकूंबरोबर मीही नारायण पेठेत गेले. मुलाचे काका खिडकीशी लोखंडी खुर्चीत बसले होते. शेजारच्या स्टुलावर चहा, त्याच्यावर साय धरलेली. मांडीवर पेपर, धरणसाठ्याच्या चौकटीवर अंगठा. मी विचारलं, "काय म्हणतंय खडकवासला?" बराच वेळ काही नाही. मी मुलाच्या आईकडे वळले, दुसरं बोलायला लागले, आणि तेव्हा ते म्हणाले, "सत्तावीस पॉइंट चार. चारी मिळून." आवाजाला चढ नाही, उतार नाही.

"ते आवाज वगैरे पंधरा वर्षांत नाहीत हो," मुलाची आई मला स्वयंपाकघरात म्हणाली. "गोळीनं थांबले. पण आंघोळीला चारदा सांगावं लागतं. लोक म्हणतात आळशी झालाय. खोटं कशाला बोलू, मलाही वाटतं कधीकधी."

तिच्या या शेवटच्या वाक्याकडे मला परत यायचं आहे.

आजीच्या वहीची नक्कल

जनुक म्हणजे शरीर घडवण्याच्या वहीतली एक पाककृती. माणसाच्या वहीत अशा सुमारे वीस हजार. आजीच्या वहीची नक्कल प्रत्येक मावशीनं आपल्या हातानं उतरवून घेतली की कुठे 'मीठ चवीपुरते'चं 'चमचाभर' होतं, कुठे एक ओळ गळते. तसंच इथे. कुठल्याही दोन माणसांच्या वह्या साधारण हजार अक्षरांमागे एका अक्षरानं वेगळ्या असतात. यालाच जनुकीय फरक म्हणायचं. बहुतेक फरकांनी काहीच बिघडत नाही. काहींनी नाक लांब होतं. काहींनी एखाद्या आजाराची शक्यता किंचित इकडे-तिकडे सरकते.

ओहोळांचं पाणी, आणि १९६१

काकांच्या मांडीवरच्या चौकटीनंच पुढची उपमा दिली. खडकवासला साखळीत चार धरणं: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. मुठा नदीत पाणी कधी सुटणार, हे कुठल्या एका ओढ्यावर ठरत नाही. डोंगरातून शेकडो ओहोळ येत राहतात, पातळी चढते, खुणेच्या वर गेली की विसर्ग.

स्किझोफ्रेनियाचं एक जनुक शोधण्यात संशोधकांची कित्येक वर्षं गेली. ते सापडलं नाही, कारण तसं नाहीच. २०१४ साली सुमारे ३७ हजार रुग्णांच्या वह्या निरोगी माणसांच्या वह्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा फरकाच्या १०८ जागा मिळाल्या. २०२२ साली रुग्ण झाले सुमारे ७७ हजार, आजार नसलेले २ लाख ४४ हजार, आणि जागा २८७. यातल्या एकेका जागेचा जोर किती? हजारात दहा जणांना होणारा आजार त्या एका फरकामुळे साडेदहा जणांना होईल, इतपतच. असे फरक माझ्यात आहेत, काकूंमध्ये आहेत, हे वाचणाऱ्या तुमच्यातही आहेत. कुणाच्या धरणात कमी पाणी, कुणाच्या जास्त.

पण पुण्यानं दुसरा पूरही पाहिलाय. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, आणि मग ओहोळ मोजायची गरज उरली नाही. तशी दुर्मीळ, पण दणदणीत कारणं या आजारातही आहेत. सर्वांत माहितीतलं म्हणजे बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा जन्मतःच गहाळ असणं. अशा चौघांपैकी साधारण एकाला पुढे स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जवळचा आजार होतो. बरोबर अनेकदा जन्मतःचा हृदयदोष, टाळूतला दोष किंवा शिकण्यातल्या अडचणी असतात. रुग्णाच्या इतिहासात असं काही असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं केलेली जनुकीय तपासणी खरोखर उपयोगाची. मात्र असे मोठे तुकडे कमी किंवा जास्त असणं मोजक्याच रुग्णांत सापडतं, शंभरात दोन-तीन. नारायण पेठेतल्या काकांना यातलं काही नव्हतं.

'ऐंशी टक्के आनुवंशिक' म्हणजे काय नव्हे

हे वाक्य पेपरात हमखास येतं आणि हमखास चुकीचं वाचलं जातं. याचा अर्थ रुग्णाच्या मुलाला ऐंशी टक्के धोका असा नाही. आई किंवा वडिलांपैकी एकाला आजार असेल, तर मुलाला होण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास. शिवाय बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांपैकी कुणालाच हा आजार नसतो.

मग ऐंशी कशाचे? लक्ष्मी रोडवर अचानक सर आली असं समजा. पाऊस सगळ्यांवर सारखा. कोण भिजलं, कोण कोरडं राहिलं, हा फरक जवळपास सगळा छत्रीनं ठरला. म्हणून पाऊस पडलाच नाही असं कुणी म्हणेल का? ऐंशीचा आकडा गर्दीतल्या माणसामाणसांतल्या फरकाबद्दल बोलतो. एका माणसाचं भविष्य त्यात नसतं.

एकसारख्या जुळ्यांकडे पाहिलं की हे जास्त स्वच्छ दिसतं. दोघांची वही अक्षरशः एक. तरी एकाला आजार झाल्यावर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत एक तृतीयांश ते निम्मं एवढंच भरतं. बाकीच्यात गर्भारपणातलं कुपोषण येतं, अवघड बाळंतपण येतं, लहानपणचे आघात येतात आणि निव्वळ योगायोगही येतो. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा गर्भात आलेल्या मुलांमध्ये पुढे हा आजार सुमारे दुप्पट दिसला. कोवळ्या वयातला गांजाही या यादीत आहे. 'झाडपालाच तर आहे' म्हणणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

अमेरिकेत १९३० साली चार एकसारख्या बहिणी जन्मल्या. एका वहीच्या चार झेरॉक्स. पंचविशीच्या आत चौघींनाही स्किझोफ्रेनिया झाला, पण तऱ्हा चार. एकीनं नोकरी केली, लग्न करून संसार केला. एक आयुष्यभर सर्वांत जास्त आजारी राहिली. वही तीच, घरही तेच.

मग पट्टी कुठल्या लक्षणाची?

रिपोर्टमधली नारिंगी पट्टी म्हणजे त्या सगळ्या ओहोळांची बेरीज. तिला जोखीम-गुण म्हणू. सर्वसाधारण समज असा की बेरीज जितकी मोठी, तितकं वेड मोठं. जास्त आवाज, जास्त संशय, जास्त आरडाओरडा. ज्या लक्षणांनी शेजारी दार लावून घेतात, तीच 'रक्तातली'.

अभ्यास निराळं सांगतात. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली हजाराहून जास्त रुग्णांचे जोखीम-गुण त्यांच्या लक्षणांशी जुळवून पाहिले. गुण जास्त तसा विस्कळीतपणा, म्हणजे तो सुटलेला धागा, जास्त दिसला. भास-भ्रमांच्या तीव्रतेशी मात्र गुणांचा ठळक संबंध लागला नाही. त्याआधी, २०१६ साली, ब्रिटनमधल्याच ब्रिस्टल परिसरातल्या किशोरवयीन मुलांवरच्या अभ्यासातही असंच काहीसं निघालं. ही मुलं रुग्ण नव्हती, शाळा-कॉलेजात जाणारी साधी मुलं. त्यांच्यात जास्त गुणांचं नातं ऋण लक्षणांशी आणि चिंतेशी जुळलं. आवाज ऐकू येण्यासारख्या अनुभवांशी जुळलं नाही.

आणखी एक धागा. बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्याच्या लाटांचा आजार, आणि स्किझोफ्रेनिया या दोन फाइली आपण वेगळ्या ठेवतो, पण त्यांचे बरेच ओहोळ सामाईक आहेत. ज्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत बायपोलरचे जोखीम-गुण जास्त, त्यांच्यात उन्मादाची लक्षणं जास्त आढळतात. फाइलवरचं नाव जनुकांना माहीत नसतं म्हणा ना.

इथे एक शंका रास्त आहे आणि ती मी स्वतःच काढते. रुग्णालयातल्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी भास-भ्रम झालेलेच असतात, त्याशिवाय सहसा निदान होत नाही. सगळेच चिंब असतील तर छत्रीचा फरक दिसणार कसा? कार्डिफच्या निष्कर्षाला ही मर्यादा आहे. ब्रिस्टलच्या मुलांना ती तितकी लागू होत नाही, म्हणून दोन्ही एकत्र वाचायचे. आणि हे संबंध क्षीण आहेत. हजार माणसांच्या सरासरीत दिसतात, एका माणसात नाही.

तरीही या माहितीवरून मी एक गोष्ट ठामपणे म्हणेन. काकांच्या आंघोळीचा कंटाळा, कोरा चेहरा, उशिरा येणारं उत्तर हे आजाराच्या गाभ्यातलं आहे. भासांवर गोळी चालते, कारण आजची बहुतेक औषधं मेंदूतल्या डोपामिन या निरोप्याला आवरतात आणि भासांशी त्याचा जवळचा संबंध आहे. ऋण लक्षणांवर त्याच गोळ्या फारशा चालत नाहीत. घरच्यांना वाटतं आवाज थांबले, म्हणजे आजार गेला, आता उरलाय तो आळस. उरलाय तो आजारच. मुलाच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. मोजायची थांबली आणि मग गॅस बंद करायचा राहिलाच.

द्राक्षाची छाटणी

वहीतल्या अक्षरापासून माणसाच्या वागण्यापर्यंतची वाट बरीचशी अंधारातच आहे. एका ठिकाणी थोडा उजेड पडलाय. नारायणगावकडच्या कुठल्याही बागाइतदाराला विचारा, द्राक्षाला एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी लागते. मेंदूचीही पौगंडावस्थेत छाटणी होते. लहानपणी मेंदूच्या पेशी एकमेकींशी वारेमाप जोडण्या करून ठेवतात, नको त्या पुढे काढून टाकल्या जातात. २०१६ साली लक्षात आलं, की 'सी-फोर' नावाच्या जनुकाचे जे प्रकार मेंदूत जास्त काम करतात, त्यांच्याबरोबर स्किझोफ्रेनियाची जोखीम वाढते. मूळचं हे प्रतिकारशक्तीचं जनुक. उंदरांमध्ये ते जोडण्यांच्या छाटणीत भाग घेताना दिसलं. कात्री जरा जास्तच खोल चालली तर विचारांचे धागे सुटतील, आणि आजार नेमका या वयातच का दिसू लागतो हेही जुळेल. पटण्यासारखं आहे. पण सी-फोर हाही एक ओहोळच, थोडा रुंद.

आवाज काय बोलतात

आवाज ऐकू येण्याची शक्यता जनुकं सरकवत असतील, पण तो काय बोलतो हे त्यांच्या हातात नाही. मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी वीस रुग्णांना त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं. अमेरिकेतल्यांचे आवाज जास्त करून हिंसक, परके, हल्ला करणारे. चेन्नईत बऱ्याच जणांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत. रागावणारे, आणि घरातली कामं सांगणारेसुद्धा. नारायण पेठेतल्या काकांना पूर्वी त्यांच्या गेलेल्या आत्याचा आवाज यायचा. "दार लाव, मांजर येईल," म्हणायची.

विसर्ग तेवढाच असला, तरी पाणी आधी सखल भिडे पुलावर येतं, आणि पुढे कुठल्या वस्तीत शिरतं हे काठ कसा आहे त्यावर ठरतं. लक्षणांचंही तसंच. धरणाची उपमा मात्र मी इथेच सोडते, कारण धरणाला दरवाजे असतात आणि दरवाज्यावर माणूस असतो.

"मग आईवडिलांचं काही चुकलं का?"

नाही. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक बाईंनी 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' अशी कल्पना मांडली आणि पुढची काही दशकं जगभरच्या आयांनी विनाकारण शरम वाहिली. त्या कल्पनेला पुरावा मिळाला नाही. घरातल्या वातावरणाचा आजार उलटण्याशी संबंध आहे. सततची टोचणी आणि टीका असेल तर पुन्हा झटका येण्याची शक्यता वाढते. पण ते आजार झाल्यानंतरचं. पुण्यातल्या आधारगटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला आधी हे शब्द जरा गोडगोड वाटायचे. त्या स्वयंपाकघरात उभी राहिल्यावर वाटेनासे झाले.

"पट्टी खोटी आहे का मग?"

खोटी नाही, तोकडी आहे. आजच्या चांगल्यातल्या चांगल्या जोखीम-गुणांनीही माणसामाणसांतल्या जोखमीच्या फरकापैकी सात-आठ टक्केच उलगडतात. गुणांच्या यादीत अगदी वरच्या एक टक्क्यात बसणाऱ्यांतल्याही बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. वर ही बेरीज मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या वह्यांवरून बसवलेली. भारतीयांना लावली की तिचा नेम आणखी चुकतो. मुलाच्या रिपोर्टमध्ये हे छापलं होतं, एकोणचाळिसाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

"जनुकातच आहे, तर गोळ्यांनी काय होणार?"

काकूंचा चष्मा त्यांच्या आईकडून आलाय, तरी काच लावली की दिसतं. जनुक कारणात आहे म्हणून उपाय जनुकातच शोधायला हवा असं नसतं. उलट औषधाच्या बाबतीत वहीचा थोडा उपयोग आजही आहे. काही जणांचं यकृत रिस्पेरिडोनसारखी औषधं सावकाश मोडतं, त्यांना नेहमीचा डोसही जड जातो, आणि यामागचं जनुक माहीत आहे. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी क्लोझापिन असतं. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरण्याचा धोका असल्यानं सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. काकांनी ती सगळी आठवडेवारी काढलीय.

"ते सगळं ठीक. लग्नाचं काय?"

काकूंना हवा होता आकडा, तो असा. सख्ख्या काकाला आजार असेल तर पुतण्याला होण्याची शक्यता जुन्या अभ्यासांत शंभरात चारच्या आसपास धरतात, जिथे इतरांना एक. त्यातही पुरुषांमध्ये आजार सहसा पंचविशीच्या आसपास किंवा त्याआधी दिसतो. हा मुलगा एकतिशीचा, ठणठणीत, नोकरीत रुळलेला, म्हणजे जोखमीचा बराच रस्ता मागे पडलाय. त्याच्या मुलांची शक्यता जवळपास चारचौघांइतकीच.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं. मग आता मागची पानं बघ," त्या म्हणाल्या.

मी मागची पानं उलटली. अकराव्या पानावर मधुमेह. पट्टी नारिंगी नव्हती, चक्क लाल होती. मुलाच्या आजोबांचा पाय त्यातच गेला, वडील इन्सुलिनवर. काकू स्वतः दहा वर्षं गोळ्या घेतात. दोन्ही घरांत त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं, आणि साखरपुड्याच्या यादीत पेढ्यांचे सहा किलो तसेच होते.